बँजो फार छान होता

एप्रिल लागला की आमच्या जुन्या जालन्यातल्या गल्लीत दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. वर गच्च्यांवर कुरडया पडायला लागतात आणि खाली खांबाखांबांवर निळे झेंडे चढतात, भोंगे बांधले जातात. गव्हाच्या चिकाचा आंबूस वास आणि जयंतीची गाणी माझ्या डोक्यात अशी एकत्र शिजून बसली आहेत, की ऐन थंडीत कुणाच्या घरातून तसा वास आला तरी मला ढोलकी ऐकू येते. शाळेत परीक्षा चालू असतात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आलेले असतात, ऊन सकाळीच डोक्यावर येऊन बसतं. तरी मला हा महिना आवडतो. एके काळी मी या महिन्यात गायचे.

‘मी गायचे’ हे वाक्य मी आयुष्यभर बोलत आले आहे. नव्या शाळेत बदली झाली, की ओळखीच्या चहात ते एकदा यायचंच. कुणीतरी विचारायचं, मग सोडलं का हो मॅडम? मी जरा थांबायचे, बशीत बघायचे आणि म्हणायचे, लग्न झालं. एवढ्यावर बायका मान हलवायच्या. पुढचं सांगायची गरजच पडायची नाही. महिला दिनाला शाळेतल्या मुलींपुढे भाषण करताना तर मी हे फार रंगवून सांगायचे, की पोरींनो, तुमच्या हातातली कला कुणाला काढून घेऊ देऊ नका. दोन-चार मुली डोळे पुसायच्या. घरातही हा माझा हुकमाचा एक्का होता. भाजी खारट झाली, पाहुण्यांचा चहा विसरला, काहीही झालं आणि हे एका शब्दानं बोलले, की मी म्हणायचे, तुमच्यासाठी गाणं सोडलं मी. मग हे गप्प बसायचे. हे म्हणजे माझे यजमान. अंबडच्या कोर्टात कारकून होते, आयुष्य एसटीत गेलं, आता रिटायर होऊन घरी आहेत. मुळातच कमी बोलणारा माणूस. पण त्या एका वाक्यापुढं त्यांची बोलतीच बंद व्हायची, आणि मला ते आवडायचं.

तर यंदाची गोष्ट. माझी नणंद शोभाताई दरवर्षी अंबडहून कुरडयांसाठी येते. यंदाही आली होती. शेजारच्या कौसल्याबाई आणि त्यांच्या दोन सुना, असा आमचा गच्चीवरचा फड. चीक शिजून तयार, जुन्या सुती साड्या अंथरलेल्या, कोपऱ्यांवर विटांचे तुकडे. मी सोऱ्या दाबत, गोल फिरवत कुरडया पाडत होते आणि शोभाताई दुसऱ्या सोऱ्यात चीक भरत होती. तेवढ्यात खालचा भोंगा खरखरला आणि एक जुनं गाणं अर्ध्यातूनच सुरू झालं.

पहिल्यांदा आला तो बँजो. टाइपरायटरसारख्या बटणांचा असतो तो, मांडीवर आडवा ठेवून वाजवायचा. दोन सुरांतच माझे हात थांबले. तो माझ्या मामाच्या गायन पार्टीतल्या रफिकचाचांचा बँजो होता. तसं दुसरं कुणी वाजवतच नव्हतं. एकेक सूर मोकळा, मध्येच एखादा लांब ओढलेला. मी शोभाताईला म्हटलं, अहो, ही आमच्या मामाची पार्टी आहे. हे गाणं आमचं आहे. मी गायचे ते हेच. आणि मला भरूनच आलं. कौसल्याबाई म्हणाल्या, खरंच की काय, वाजवलंय भारी. मी म्हटलं, ऐका तर.

आणि मग बाई गायला लागली.

आता काय सांगू. पातळ, नाकातला, चिरकणारा आवाज. सुरात यायचा, पण उशिरा यायचा, आणि आला की टिकायचा नाही. उंच जागेवर चढताना तर अशी धाप, की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकावा. मी लगेच ओळखलं, ही कमल. माझं लग्न झाल्यावर मामानं माझ्या जागी घेतलेली मुलगी. तिची कॅसेट निघाली हे मला कळलं होतं, माझी मात्र निघाली नव्हती. मी कमलला आयुष्यात कधी पाहिलं नाही, ऐकलं नाही, पण तिचा हेवा मात्र मनापासून केला. आणि आता बघा, ही अशी गायची.

खरं सांगायचं तर मला मनातून फार बरं वाटलं. मग माझी जीभ सैल सुटली. म्हटलं, बाई, नाकाला चिमटा लावून गातेय की काय. म्हटलं, बँजो ऐका आणि हिला सोडून द्या. ती वरच्या पट्टीत गेली तसा मी सोऱ्या तोंडाशी माइकसारखा धरून तिची नक्कल केली. कौसल्याबाई हसून हसून खाली बसल्या, त्यांच्या धाकट्या सुनेनं पदर तोंडात कोंबला. शोभाताई म्हणाली, वहिनी, तुला काढून हिला घेतलं व्हय? मी म्हटलं, काढून नाही, तुमच्या भावानं जाऊ दिलं नाही म्हणून. आणि परत सोऱ्या दाबायला लागले.

मी गायले त्या एकुलत्या एका सीझनचं मला सगळं आठवतं. मी नुकती बारावी झाले होते. किसनमामाची गायन पार्टी बदनापूरची. जुनी जीप, पुढं मांडीवर पेटी घेऊन मामा, मागं आम्ही सगळे कोंबलेले, आणि रफिकचाचांच्या कुशीत गोधडीत गुंडाळलेला बँजो. चाचा जुन्या जालन्यातले, कपड्याच्या दुकानात कामाला. एप्रिल-मेमध्ये दुकानातून सुट्टी काढून आमच्याबरोबर फिरायचे. उन्हानं तारा उतरायच्या, म्हणून ते बँजोवर ओलं फडकं टाकायचे आणि स्वतः मात्र डोक्याला काही बांधायचे नाहीत. दोन ट्रॉल्या जोडून केलेलं स्टेज, वर ताडपत्री, समोर सगळं गाव. म्हाताऱ्या बाया कार्यक्रमाआधीच येऊन माझ्या गालावरून हात फिरवायच्या. जेवायला पिठलं, भाकरी आणि कांदा. त्या पिठल्याची चव मला नंतर माझ्या हातालाही आली नाही.

गाताना मी डोळे मिटायचे. डोळे मिटले, की मला माझा आवाज आतून ऐकू यायचा. कानांच्या मागं, छातीत, घुमल्यासारखा. दाट आणि गोड. भोंगे सगळे लोकांकडं तोंड करून असायचे, त्यांतून काय बाहेर जातंय ते स्टेजवर कळायचं नाही. टाळ्या मात्र कळायच्या. मी वरच्या पट्टीला गेले, की हमखास टाळ्या यायच्या. तिथं जाताना मला सुरुवातीला भीती वाटायची. रफिकचाचा म्हणायचे, “बेटी, तू फिकर मत कर. तू ऊपर जा, मैं पीछे हूँ ना.” आणि खरंच, मी वर गेले की मागून बँजो असा उसळून यायचा, की मला वाटायचं, हा माझ्या आवाजानंच पेटलाय.

अंबडच्या कार्यक्रमाला हे मला बघायला आले होते. पुढच्याच रांगेत, मांडी घालून. मी मधूनच डोळे उघडून बघायचे, तर हे माझ्याकडं बघतच नव्हते. चाचांच्या हातांकडं बघत होते. मला वाटलं, लाजाळू आहे. घरी जाऊन मी आईला तसं सांगितलंसुद्धा. सीझनच्या शेवटी तेव्हाच्या औरंगाबादला एका गल्लीतल्या छोट्या स्टुडिओत आमची गाणी टेप झाली. एका दिवसात सगळं उरकायचं होतं, आमच्यामागं दुसरी पार्टी बाहेर थांबली होती, त्यामुळं ऐकायला कुणी बसवलं नाही. पुढच्या आठवड्यात माझं लग्न लागलं. कॅसेटचं विचारलं, तेव्हा मामा म्हणाला, कंपनी बुडाली, निघालीच नाही. मी तेव्हा खूप रडले होते.

आणि वर्षभरानं, पुढच्या सीझनच्या तोंडावर, मामा आमच्या अंबडच्या घरी आला. मी आत चहा करत होते. ओट्यावर मामाचं आणि यांचं बराच वेळ हळू आवाजात बोलणं चाललं होतं. मी मनात गाण्यांची उजळणीही सुरू केली होती. चहा घेऊन बाहेर आले, तर मामा निघून गेला होता. न भेटता, न चहा घेता. हे भिंतीकडं बघत म्हणाले, “मामाला मी नको म्हनलं. आपल्या घरच्या बाईनं स्टेजवर गायचं न्हाई.” त्या वाक्यावर मी पुढचा सगळा संसार केला. त्याच माणसानं त्याच वर्षी माझा डी.एड.चा फॉर्म आणला, मला सोडायला रोज स्टँडवर आला, माझ्या परीक्षेत स्वयंपाक केला, बदल्यांच्या गावी एकटीला राहू दिलं. आयुष्यात दुसऱ्या कशालाही हा माणूस नाही म्हणाला नाही. मला हे कधी विचित्र वाटलं नाही. मला वाटायचं, अपराधी वाटतंय म्हणून करतोय.

तर, परत गच्चीवर. ऊन चढलं होतं, चीक संपत आला होता. खालची गाणी मध्ये बंद पडली होती. कुणीतरी परत सुरू केली, आणि या वेळी ती कॅसेट पहिल्यापासून लागली. त्या काळच्या कॅसेटांची एक रीत होती. गाण्याआधी एक भारदस्त आवाज पार्टीचं नाव, गावाचं नाव, गाणाऱ्यांची नावं सांगायचा. आमच्या पार्टीत ते काम मामा स्वतः करायचा. मामाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो आवाज एकदम आमच्या गल्लीत, भर उन्हात, खणखणीत उभा राहिला. “सादर करीत आहेत, किसन आणि पार्टी, बदनापूर. बँजोवर रफिकभाई जालनेवाले. गायिका, कुमारी सुजाता बदनापूरकर.”

सुजाता म्हणजे मी. बदनापूरकर हे नाव मामानं मला त्याच एका सीझनपुरतं दिलेलं.

आणि मग तीच बाई गायला लागली. तीच, नाकातली.

माझ्या हातातला सोऱ्या तसाच दाबलेला राहिला आणि त्यातून चिकाची शेवई माझ्या पायावर सांडत राहिली. चटका बसत होता, तो मला कळत होता, पण पाय काही हलवता येईना. मला आधी वाटलं, नाव चुकलंय. मामानं जुनीच घोषणा कमलच्या कॅसेटला लावली असेल. पण दुसऱ्या कडव्यात मी एक ओळ जरा वेगळी म्हणायचे, मामानं ती मला एकटीला तशी शिकवली होती, आणि ती बाई ती ओळ तशीच म्हणाली. श्वास घेतला तोसुद्धा मी घ्यायचे तिथंच. मग शंकेला जागाच उरली नाही. कौसल्याबाईंच्या सुना खाली बघत कुरडया मोजल्यासारखं करायला लागल्या. कौसल्याबाई म्हणाल्या, भोंगा खराब झालाय तो, सकाळपासून मी म्हणतेच आहे. त्या सकाळपासून असं काहीच म्हणाल्या नव्हत्या. शोभाताईनं माझ्या पायावर पाणी ओतलं.

स्वतःचा फोटो वाईट आला तर माणूस म्हणतो, मी अशी नाहीच. आवाजाचं तसं म्हणता येत नाही, विशेषतः तासाभरापूर्वी आपणच त्याची सगळ्यांसमोर फजिती केलेली असली तर. मला दुसरं कुणी काही सांगितलं असतं तर मी भांडले असते. म्हटलं असतं, तुम्हाला गाण्यातलं काय कळतं. पण हा निकाल मीच दिला होता, न ओळखता, अगदी निःपक्षपाती. मला लाज वाटत होती की रडू येत होतं, काही कळत नव्हतं. मी नुसती हबकून उभी होते.

आणि गाणं चालूच होतं. न ऐकून जाते कुठं. आता मी कान देऊन ऐकत होते आणि ऐकता ऐकता मला आणखी एक गोष्ट दिसायला लागली. ती बाई, म्हणजे मी, वरच्या पट्टीकडं निघाली की आवाज बारीक व्हायचा आणि नेमका तिथं, तो फाटायच्या एक पाऊल आधी, बँजो धावत यायचा. मोठा, झगमगीत, सगळं झाकून टाकणारा. माझा आवाज कुठं संपला आणि तार कुठं सुरू झाली ते ऐकणाऱ्याला कळूच नये, असा. टाळ्या तिथंच पडायच्या. सकाळी मी ज्या जागांवर भाळले होते, डोळ्यांत पाणी आणलं होतं, त्या एकूणएक जागा चाचांनी माझा आवाज झाकण्यासाठी वाजवल्या होत्या. मी चांगली गात असते तर बँजो इतका सुंदर वाजलाच नसता. हे लक्षात आलं तेव्हा मी खाली बसले. शोभाताईला वाटलं, ऊन लागलं.

मग माझ्या डोक्यात दुसरा प्रश्न आला आणि तो पायाच्या चटक्यापेक्षा वाईट होता. गाणं असं होतं, तर मग माझ्याकडून काढून घेतलं काय होतं? इतकी वर्षं मी जे हरवलं म्हणून सांगत आले, ते होतं तरी का? ते नसेल तर मी कोण? चारचौघींसारखी एक मास्तरीण, पेपर तपासणारी. माझ्यात तेवढंच एक वेगळं होतं, आणि ते गेलंय म्हणूनच ते माझ्याजवळ होतं. मला फार राग आला. कुणाचा ते मला कळेना, म्हणून मी जिना उतरून यांच्याकडं गेले.

हे खालच्या खोलीत कूलर उघडून बसले होते, नव्या ताट्या बसवत. गवताचा ओला वास सुटला होता. मला बघून त्यांनी हात थांबवले. भोंगा त्यांनाही ऐकू येत होता, मामाचं बोलणंही आलं होतं. मी विचारलं, कॅसेट निघाली होती हे तुम्हाला माहीत होतं का? ते म्हणाले, हो. मी म्हटलं, आणि मामा त्या दिवशी मला न्यायला आला होता ना? त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले,

“न्यायला न्हवते आल्ते. दुसरी पोरगी घेतली, हे सांगायला आल्ते. कॅसेट कुठं चालली न्हाई. लोक म्हनायले, बँजो भारी, पोरगी बदला. मामाला तुझ्यापुढं बोलवंना. ओट्यावर बसून रडायलेच. मंग मी म्हनलं, तुम्ही जावा, मी सांगतो.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगायलोच व्हतो. तू चहा घेऊन आली तर गुणगुणत आली.”

इतकी वर्षं मी या माणसाला चारचौघांत, माहेरात, शाळेत, त्याच्या बहिणीदेखत जे ऐकवलं, ते एकेक आठवायला लागलं. भाषणात तर मी यांना पार दुष्ट करून ठेवलं होतं. हे शाळेच्या गॅदरिंगला आले की मुली यांच्याकडं कशा बघायच्या ते मला आता आठवलं. मी म्हटलं, अहो, एवढं बोलले मी तुम्हाला, एकदा तरी तोंड उघडायचं. त्यावर ते म्हणाले, “आवाज न्हाई म्हनून सुटलं, हे तुला आयुष्यभर डाचलं असतं. नवऱ्यानं सोडवलं म्हनलं की राग माझ्यावर निघतो. राग काय, निघून जातो.”

राग निघून गेला नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी विचारू नये ते विचारलं. म्हटलं, अंबडला तुम्ही मला बघायला आला होता, माझं गाणं ऐकलं होतं. तुम्हाला कसा वाटला होता माझा आवाज? खरं सांगा.

हे खोटं बोलायला तोंड उघडत होते, मला दिसलं. मग त्यांनी ते मिटलं. कूलरच्या ताटीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “बँजो लई आवडला व्हता मला.”

दुपारी कुणी झोपलं नाही. मी उत्तरपत्रिका पुढं घेतल्या, एकाच पेपरावर बसून राहिले. मला यांचे आभार मानावेत असं काही वाटत नव्हतं, हेही सांगून टाकते. मला फसवल्यासारखं वाटत होतं. मामानं, चाचांनी, यांनी, सगळ्यांनी मिळून मला एका खोट्यात ठेवलं, गोधडीत गुंडाळून, उन्हात नेताना बँजोवर फडकं टाकावं तसं. आणि त्याच वेळी असंही वाटत होतं, की इतक्या माणसांनी इतका त्रास माझ्या एका चिरक्या आवाजासाठी घेतला. हे दोन्ही एकदम वाटत होतं आणि दोन्हींचा मेळ बसत नव्हता. अजून बसलेला नाही.

उन्हं उतरल्यावर दारात कौसल्याबाई आल्या. बरोबर गल्लीतल्या महिला मंडळाच्या पाच-सहा जणी. सकाळची गंमत सुनांनी दुपारपर्यंत सगळीकडं पोचवली असणार, पण नकलेचं कुणी नावही काढलं नाही. सगळ्या भोंग्यालाच दोष देत होत्या. त्यांचं म्हणणं होतं, की आपल्याच गल्लीत कॅसेटवाली गायिका आहे, तर जयंतीला स्टेजवर मॅडमनी एक गाणं म्हणायलाच पाहिजे. हे माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. कौसल्याबाई त्यांच्याकडं बघून म्हणाल्या, भाऊ, आता जमाना बदलला, आता तरी नाही म्हणू नका. बाकीच्या बायकाही त्यांच्याकडं बघायला लागल्या. ती नजर मला ओळखीची होती. मीच ती गल्लीत वाटली होती.

मी काही बोलण्याआधीच यांनी घसा खाकरला. म्हणाले, “न्हाई ताई. मला हे स्टेजबिज पटत न्हाई.”

सगळ्यांच्या चेहऱ्यांवर आलं, की बघा, अजून तसाच आहे माणूस. आणि हे तसेच उभे, शांत, सवयीनं. मला ते बघवेना. मी म्हटलं, खोटं बोलतायत हे. यांनी मला कधीच अडवलं नाही. माझा आवाज चांगला नव्हता, म्हणून मामानं मला काढून टाकलं.

कुणाला पटलं नाही. एकमेकींकडं बघितलं त्यांनी. एक जण दुसरीला हळूच म्हणाली, नवरा मागं उभा आहे ना, काय बोलेल बिचारी. कौसल्याबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही भिऊ नका. आमी हाव.” इतकी वर्षं मी इतकं चांगलं पटवून दिलं होतं, की आता ते माझ्याच्यानं पुसलं जाईना. मी शपथ घेतली असती तरी त्यांनी तीही यांच्याच नावावर मांडली असती.

मग मी एकच करू शकत होते, ते केलं. तिथंच दारात, सगळ्यांपुढं, गायला लागले. तेच गाणं, पहिल्यापासून. या वेळी डोळे उघडे ठेवले. मागं चाचा नव्हते, ढोलकी नव्हती, भोंगा नव्हता, त्यामुळं जे काय होतं ते सगळं बाहेर आलं. इतक्या वर्षांत आवाज आणखी बसला होता. मी वरच्या पट्टीकडं निघाले, आणि झाकायला कुणी आलं नाही. आवाज फाटला. मी थांबले नाही, पूर्ण कडवं म्हटलं. समोरचे चेहरे बदलत गेलेले मला दिसत होते. आधी कौतुक, मग काळजी, मग एकेक नजर खाली. समोरच्या ओट्यावर कुणीतरी भांडी घासत होतं, ते घासायचं थांबलं.

मी संपवलं तेव्हा टाळी वाजवावी की नाही हे कुणाला ठरवता आलं नाही. कौसल्याबाईंनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. त्यांनी माझ्यावरून नजर काढली, माझ्या मागं बघितलं आणि अगदी मनापासून म्हणाल्या, “भाऊ, तुमची काईच चूक न्हवती बघा.”

मी वळून पाहिलं. यांनी मान खाली घातली होती, कान लाल झाले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसाला लाजताना मी पहिल्यांदाच पाहत होते.